घामावर हिशेब ठेवू नकोस

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. रोज सकाळी शंभर क्रंचेस (पाठीवर पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम), पोटाला प्लास्टिकचा पट्टा, वर पाऊण तास ट्रेडमिल आणि रात्रीचं जेवण जवळजवळ बंद. एवढं करून पोट जागच्या जागी, उलट दंड आणि छाती मात्र उतरली. तू कष्टात कमी पडला नाहीस, हे आधी सांगतो. कष्ट भलत्या ठिकाणी खर्च झाले. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

चरबी आणि स्नायू या शरीरातल्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. चरबीचे स्नायू बनत नाहीत आणि व्यायाम सोडला म्हणून स्नायूंची चरबी होत नाही. चरबी हे पेशींमध्ये साठवलेलं इंधन आहे. दिवसभरात खाल्लं किती आणि खर्च झालं किती, एवढंच तिला कळतं. स्नायूंना कळतो तो त्यांच्यावर पडलेला ताण, आणि वाढायला त्यांना प्रथिनं लागतात. तू चरबीसाठी पोटाचे स्नायू दमवत राहिलास आणि स्नायूंना ना पुरेसा ताण दिलास ना पुरेसं अन्न. तुझ्या तक्रारीचं मूळ तिथे आहे.

क्रंचेसचंच घे. पोटाचे स्नायू काम करतात तेव्हा ते वरच्या थरातली चरबी थेट ओढून घेत नाहीत. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं अंगभरच्या चरबीतून स्निग्धाम्लं रक्तात सोडतात आणि काम करणारा स्नायू रक्तातून इंधन उचलतो. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासले गेले. खेळायचा हात जाड होता, पण तो स्नायूंमुळे. त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच निघाला. २०११ च्या एका प्रयोगात लोकांकडून सहा आठवडे पोटाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, चरबी हलली नाही. चरबी आधी कुठून उतरणार हे आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात, आणि बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत कमरेचा नंबर शेवटी लागतो. क्रंचेस वाईट नाहीत. आठवड्यातून दोनदा दोन-तीन सेट (न थांबता केलेल्या फेऱ्या) पुरेत.

पट्टा मात्र काढून टाक. घामाने एक लिटर पाणी गेलं की काटा एक किलो कमी दाखवतो आणि पाणी प्यायलास की किलो परत येतो. चरबी जळते तेव्हा ती मुख्यतः श्वासावाटे बाहेर पडते: दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर जाते आणि १.६ किलो पाण्याच्या. पट्ट्याखाली फक्त त्वचा तापते, घामोळं येतं आणि दम लवकर लागल्यामुळे व्यायामच कमी होतो.

आता जमाखर्च. एक किलो शरीरचरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्च होते. तुझं वजन ८० धरलं तर पाच किलोमीटरला ४००. आठवड्यातून तीनदा धावलास तर १२०० कॅलरी, म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम चरबी. हृदयासाठी आणि रक्तातल्या साखरेसाठी धावणं उत्तमच आहे, पण नुसत्या धावण्याने वजन उतरवायला निघालास तर निराश होशील. ट्रेडमिलवरच्या ‘फॅट बर्न’ बटणाचाही असाच घोळ आहे. संथ गतीत जळणाऱ्या इंधनात चरबीचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण एकूण खर्च कमी. अर्ध्या तासात १५० कॅलरी जाऊन त्यातल्या ६० टक्के चरबीच्या असल्या तर झाल्या ९०. त्याच वेळात ३०० जाऊन ४० टक्के असल्या तर १२०. आणि हा फरकही शेवटी दिवसभराच्या एकूण जमाखर्चात विरून जातो. जी गती आठवडेच्या आठवडे झेपेल ती धर.

रात्रीचं जेवण बंद करण्यावर मात्र माझा खरा आक्षेप आहे. खाणं एकदम फार तोडलं की माणूस नकळत हालचाल कमी करतो. जिने टाळतो, बसून राहतो, आणि वाचवलेल्या कॅलरींचा काही भाग असाच परत जातो. वर प्रथिनं कमी पडली आणि स्नायूंना कामही नसलं, की शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चायला काढतं. तुझे दंड त्यातच उतरले. रोजची तूट ४०० ते ५०० कॅलरींची ठेव. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरलं, म्हणजे तुझ्या बाबतीत ४०० ते ८०० ग्रॅम, तर भरपूर झालं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून हुरळू नकोस. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते आधी जातं. एका भरपेट जेवणानंतर काटा किलोभर वर गेला तर तीही चरबी नव्हे.

प्रथिनांचा आकडा लक्षात ठेव: दर किलो वजनाला रोज १.६ ग्रॅम, म्हणजे तुला १२८ च्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम, २५० मिली दुधात आठ, शिजवलेल्या १०० ग्रॅम कडधान्यात आठ-नऊ, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीत तीसेक. हिशेब मांडलास तर सध्या तू निम्म्यावरही नसशील. ही प्रथिनं तीन-चार जेवणांत वाटून घे. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत पावडर घेतलीच पाहिजे, या घाईत अर्थ नाही; दिवसाची बेरीज महत्त्वाची. पावडर म्हणजे दुधाचं किंवा डाळीचं प्रथिन, औषध नव्हे. जेवणातून भागत असेल तर तिची गरजही नाही. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नकोस.

आता स्नायूंकडे येतो, कारण तुझी खरी उणीव तिथे आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. प्रत्येक वेळी एक बैठकेचा प्रकार, एक ढकलायचा (जोर किंवा डंबेल प्रेस), एक ओढायचा (रोइंग) आणि एक कमरेतून वाकून वजन उचलायचा. प्रत्येकी तीन सेट. सेटांमध्ये दोन-तीन मिनिटं स्वस्थ बस. धापा टाकत लगेच पुढचा सेट उरकलास तर दम लागतो, पण स्नायूला जोर लावता येत नाही.

वजन किती घ्यायचं, हे सेटचा शेवट सांगतो. डंबेल प्रेस करताना पहिल्या पाच-सहा रेप्स (एकदा वर-खाली म्हणजे एक रेप) एका लयीत जातात. मग एक रेप अशी येते की तू तेवढाच जोर लावतोस, तरी डंबेल मधल्या टप्प्यावर रेंगाळतं, हात किंचित थरथरतात आणि वेग आपोआप पडतो. त्यानंतर आणखी एक किंवा दोनच निघतील असं वाटेल तिथे थांब. स्नायू वाढवणारं काम या शेवटच्या रेप्समध्ये होतं. पाच रेप्सचं जड वजन असो की पंचवीस रेप्सचं हलकं, सेट इथवर आला तर दोन्हींनी स्नायू वाढतात. तू हलकी डंबेल पंधरा वेळा उचलून बोलत बोलत खाली ठेवतोस, त्याने नाही.

प्रत्येक सेटचं वजन आणि रेप्स वहीत लिही; वाढ तिथे दिसली पाहिजे. समज, २० किलोच्या जोडीने आज ८, ८, ७ रेप्स निघाल्या. तेच वजन ठेवून एकेक वाढवत १२, १२, १२ पर्यंत जा, मग २२.५ घे आणि पुन्हा आठपासून सुरुवात कर. बिघडतं ते बहुधा इथेच. वजन घाईने वाढवलं जातं, मग डंबेल अर्ध्यावरूनच परत फिरतं, पाठ बाकावरून उचलली जाते, आणि वहीतला आकडा वाढतो पण छातीवरचा ताण वाढत नाही. दर आठवड्याला व्यायाम बदलून ‘स्नायूंना गोंधळात टाकायचं’ हे तर सोडूनच दे. चाल अंगवळणी पडायलाच काही आठवडे जातात. सुरुवातीला जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्था शिकल्यामुळे. स्नायूंची जाडी मागाहून दिसते.

दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही म्हणजे व्यायाम लागू पडला नाही, असं लिहिलंस. दुखणं हे अनोळखी कामाचं लक्षण आहे, विशेषतः वजन सावकाश खाली आणण्याचं. ते एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवतं आणि सवय झाली की ओसरतं. लॅक्टिक ॲसिडचा त्यात हात नाही. ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं.

वहिनींना वजनं उचलून अंग पुरुषी होईल अशी धास्ती आहे ना? त्यांना सांग, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन बायकांच्या दहा-पंधरा पट असतं, आणि तरीही पुरुषांना दंड कमवायला वर्षं लागतात. हाडांच्या बळकटीसाठी तर त्यांना या व्यायामाची तुझ्याइतकीच गरज आहे. तू जो सेट करशील तोच त्यांनी त्यांना झेपेल त्या वजनाने करावा. हां, स्नायू वाढले की बसल्या जागी ढीगभर कॅलरी जळतात हेही खरं नाही: एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो.

मोजमाप असं ठेव. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन कर आणि आठवड्याची सरासरी काढ. एकेका दिवसाचा आकडा मनावर घेऊ नकोस. पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या पातळीवर टेप सर्व बाजूंनी आडवी, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धर, सहज श्वास सोड आणि मग वाच. तू नवशिका आहेस, तेव्हा चरबी उतरणं आणि स्नायू वाढणं एकदमच होऊ शकतं. त्यामुळे वजन अडून कंबर कमी होत असेल तर काहीही बदलू नकोस. दोन्ही तीन आठवडे हललं नाही, तरच रोजच्या खाण्यातून आणखी १५० ते २०० कॅलरी कमी कर.

वहीची पहिली दोन पानं फोटो काढून पाठव, म्हणजे वजनं बरोबर धरलीस का ते पाहतो.

तुझाच,
अविनाश

ता. क. बैठकेत गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हे तुझ्या ट्रेनरचं म्हणणं सरसकट धरू नकोस. गुडघा जबरदस्तीने मागे रोखला की गुडघ्यावरचा भार थोडा हलका होतो, पण पाठ पुढे झुकते आणि खुब्यावरचा व कमरेवरचा भार कितीतरी वाढतो. टाच जमिनीला टेकलेली, गुडघा पावलाच्याच दिशेने, आणि दुखत नसेल तर पुढे जाऊ दे. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचं तू ओझरतं लिहिलं आहेस; तर वजनं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार, आणि उचलताना श्वास कोंडू नकोस. जोर लावताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा.