टिटोंनंतरची पाळी

महोदय,

युगोस्लाव्हियाचे सर्वोच्च नेते टिटो यांनी वारसदार न नेमल्यामुळे आग्नेय युरोपातील तो देश फुटला, असे विधान आपल्याकडील लेखांत वारंवार केले जाते. ते अपुरे आहे. १९७४ च्या राज्यघटनेतच टिटोंनंतरची व्यवस्था लिहिलेली होती. सहा प्रजासत्ताके आणि सर्बियातील कोसोवो व व्होयव्होदिना हे दोन स्वायत्त प्रांत यांचे प्रतिनिधी असलेल्या सामूहिक अध्यक्षमंडळाचे प्रमुखपद दरवर्षी क्रमाने फिरायचे होते. ४ मे १९८० रोजी टिटोंचे निधन झाले, तेव्हा मॅसिडोनियाचे लाझार कोलिशेव्हस्की यांच्याकडे ते पद आले आणि अवघ्या अकरा दिवसांनी बोस्नियाच्या प्रतिनिधीकडे गेले.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी संस्थांत अध्यक्षपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे आणि ठरल्या दिवशी राजीनामा आला नाही की काय होते, हेही. युगोस्लाव्हियात तर हा नियम घटनेनेच घातलेला होता, तरीही मे १९९१ मध्ये क्रोएशियाच्या स्तिपे मेसिच यांची पाळी आली तेव्हा सर्बिया व तिच्या बाजूच्या सदस्यांनी त्यांना आवश्यक बहुमत मिळू दिले नाही. कोसोवो आणि व्होयव्होदिनाची स्वायत्तता १९८९ मध्येच आकुंचित झाल्याने त्यांची मतेही बेलग्रेडच्या, म्हणजे सर्बियाच्या नेतृत्वाच्या, हाती गेली होती, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. युरोपीय समुदायाच्या मध्यस्थीने मेसिच अखेर अध्यक्ष झाले. मात्र २५ जून रोजीच स्लोव्हेनिया व क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले होते.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर