लोकलची थेट माहिती खुल्या स्वरूपात मिळावी

संपादक महोदय,

पुणे–लोणावळा लोकल किती उशिराने धावत आहे, हे रेल्वेच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर प्रवाशाला वाचता येते. परंतु तीच माहिती इतरांच्या संगणकप्रणालींना थेट घेता येईल, अशा खुल्या आणि प्रमाणित स्वरूपात रेल्वेने दिली पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

यासाठी जगभर ‘जीटीएफएस’ हा सार्वजनिक वाहतुकीची माहिती संगणकाला वाचता येईल अशी मांडण्याचा आराखडा वापरला जातो. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गुगल यांनी २००५ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यात थांबे, मार्ग, फेऱ्या आणि प्रत्येक थांब्यावरील वेळा साध्या मजकुराच्या स्वतंत्र फायलींमध्ये असतात. मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी पोहोचणाऱ्या गाडीची वेळ तेथे २५:१० अशी नोंदवतात, कारण ती फेरी आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातील असते. थेट माहितीचा प्रवाह मात्र वेगळा असून तो वेळापत्रक पुन्हा पाठवत नाही. अमुक क्रमांकाची फेरी अमुक थांब्यावर किती सेकंद उशिरा आहे, गाडी कोठे आहे आणि सेवेत काय बदल झाला आहे, एवढेच तो कळवतो. म्हणूनच दोन्हीकडील फेरी क्रमांक तंतोतंत जुळणे आणि माहिती कोणत्या क्षणाची आहे याची नोंद सोबत असणे, या दोन गोष्टींवर सारी विश्वासार्हता अवलंबून असते. वीस मिनिटांपूर्वीचे स्थान ‘आत्ताचे’ म्हणून दाखवले गेले, तर प्रवाशाला त्यापेक्षा छापील वेळापत्रक बरे.

मूळ माहिती रेल्वेकडे नाही असे नाही. इस्रोच्या सहकार्याने अनेक इंजिनांवर बसवलेली उपकरणे दर ३० सेकंदांनी स्थान कळवतात आणि ते नियंत्रण कक्षाच्या प्रणालीत आपोआप नोंदले जाते. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये बसगाड्यांची थेट माहिती सर्वांसाठी खुली केली. कोची मेट्रोनेही त्याच वर्षी आपले वेळापत्रक जीटीएफएस स्वरूपात प्रसिद्ध केले.

पिंपरी, कासारवाडी, दापोडी आणि शिवाजीनगर येथे लोकल, मेट्रो आणि पीएमपीची शहर बस यांतून निवड करता येते. पण लोकलची वाट पाहावी की मेट्रो धरावी, हे ठरवायला तिन्ही सेवांची माहिती एकत्र दिसावी लागते. रेल्वेच्या पुणे विभागाने, महामेट्रोने आणि पीएमपीने थांब्यांचे सामायिक क्रमांक ठरवून या मार्गापासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
चिंचवड येथील एक लोकल प्रवासी