पोटगीचा आकडा कागदावर ठरतो

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

वैदेहीला द्यायची पोटगी म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा, असं तुला ऑफिसात कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढ. कायद्यात टक्केवारी कुठेच नाही. हा पंचवीस टक्क्यांचा आकडा सुप्रीम कोर्टाच्या २०१७च्या एका निकालातून सुटून गावभर फिरतोय. त्यात नवऱ्याच्या हातात महिना ९५,५२७ रुपये पडत होते. त्याचं दुसरं लग्न होऊन मूलही झालं होतं, म्हणून २३,००० ची पोटगी २०,००० वर आली. करून बघ हिशोब, त्याच निकालात पाव हिस्सा भरत नाही.

आकडा ठरतो प्रतिज्ञापत्रावर. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा नमुनाच घालून दिला. पगार, भाडं, व्याज, शेअर, एफडी, जमीन, कर्ज, अवलंबून असलेली माणसं, महिन्याचा खर्च, सगळं शपथेवर आणि दोघांनीही. वैदेहीचं प्रतिज्ञापत्र आलं की तुझ्या उत्तराला चार आठवडे. मुद्दाम तारखा मागतोयस असं कोर्टाला वाटलं तर तुझा बचावच काढून टाकता येतो, म्हणजे तुझी बाजू ऐकलीच जात नाही. एसआयपी लपवू नकोस. दर महिन्याला कापला जाणारा हप्ता बँकेच्या उताऱ्यात दिसतोच, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्ट विश्वास ठेवत नाही. आई अवलंबून आहे असं लिहायचा मोह होईल. मला पेन्शन आहे, उलटतपासणीत ते पहिल्या पाच मिनिटांत निघेल.

पगारातून इन्कम टॅक्स, प्रोफेशनल टॅक्स, सक्तीचा पीएफ एवढं वजा होतं. स्वेच्छेने वाढवलेला पीएफ, सोसायटीचं कर्ज, दावा लागल्यावर घेतलेल्या गाडीचा हप्ता हे कोर्ट सहसा धरत नाही. ती तुझीच बचत किंवा तुझीच चैन. वैदेही आणि तुमचा ईशान ज्या फ्लॅटमध्ये राहतात त्याचा हप्ता मात्र जरूर दाखव, कारण त्यांच्या डोक्यावरच्या छपराचा खर्च तू आधीच उचलतोयस.

‘नोकरीच सोडतो’ असं फोनवर म्हणालास. रागात म्हणालास हे मला कळतं, पण कोर्ट तू काय कमावतोस एवढंच बघत नाही, काय कमावू शकतोस तेही बघतं. धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायकामुलांना पोसावं, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. हाच न्याय वैदेहीला अर्धाच लागतो. ती एमएस्सी आहे म्हणून कमवू शकते, एवढ्याने तिची पोटगी बुडत नाही. कमवण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई वेगळी मानतात. क्लासचे जे काही पैसे तिला मिळतात ते मोजले जातील, आणि त्यात लग्नातल्या राहणीमानाइतकं भागतं का, हे पाहिलं जाईल.

सगळ्यात जास्त माणसं थकबाकीत बुडतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अंतरिम, म्हणजे दावा चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज ६० दिवसांत निकाली निघावा असं कायदा म्हणतो. तारखांवर जाऊन बघ, म्हणजे प्रत्यक्षात किती लागतात ते कळेल. आणि २०२०च्या त्याच निकालामुळे पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागते, आदेशाच्या नव्हे. चौदा महिन्यांनी २०,००० चा आदेश झाला तर त्या दिवशी तू २,८०,००० देणं लागतोस. तोवर ईशानची फी, किराणा, विम्याचा हप्ता जे देतोयस ते बँकेतूनच दे. रोख दिलेलं सिद्ध होत नाही. भरलं नाही तर पगारावर जप्ती येते. फौजदारी बाजूच्या पोटगीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आणि आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, महिन्यापर्यंत कैदही होते, आणि कैद भोगली म्हणून पैसे फिटत नाहीत. तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही अर्ज केला तर घाबरू नकोस. आधीचा आदेश कोर्टापुढे ठेव, ती रक्कम वजा करून मिळते.

परस्पर संमतीने सुटायचं ठरलं तर एकरकमी बरी असं माझं मत आहे. दर महिन्याच्या पोटगीचा आकडा परिस्थिती बदलली की दोघांपैकी कुणीही पुन्हा उघडू शकतं. शिवाय महिन्याची पोटगी तिच्या हातात करपात्र उत्पन्न ठरते, एकरकमी भांडवली जमा धरली जाते, म्हणजे तिच्यावर कर लागत नाही. मुंबई हायकोर्टाने हे १९८३ मध्येच सांगून ठेवलंय. बोलणी करताना हा फरक तिच्या वकिलांनाही पटतो. रक्कम एकदम देऊ नकोस. काही अर्ज दाखल होताना, उरलेली शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डीडीने. सहमतीच्या अटींत ईशानचा आकडा वेगळा लिहून घे. वैदेहीने ‘आता काही मागणार नाही’ असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही.

रविवारी येशील तेव्हा तीन वर्षांची रिटर्न्स, सॅलरी स्लिपा आणि सगळ्या खात्यांचे उतारे घेऊन ये. ते जुनं, बंद पडलेलं खातं पण.

तुझी,
आई