शीर्षकपृष्ठावर नाव कुणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकातला पौर्वात्यवादावरचा लेख वाचला. बोलायचे पश्चिमेने आणि पूर्वेने नुसता अभ्यासाचा विषय व्हायचे, हा ‘ओरिएंटॅलिझम’कार एडवर्ड सैद यांचा १९७८ मधला मुद्दा लेखकाने छान उलगडला आहे. उदाहरणे मात्र सगळी कैरो-पॅरिसची. आपल्या अंगणातले एक राहून गेले.

बौद्ध धर्माचे आणि पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातले साखवाळ. शाळा नावापुरती. बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडले. पुणे-काशीला संस्कृत शिकले, मग सिलोन, ब्रह्मदेश करत पाली. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले, पण विद्यार्थी म्हणून नव्हे. अमेरिकन पाली अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अडलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाचे संपादन पुरे करायला त्यांना बोलावले होते. तिथले संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना हा माणूस साहाय्यक म्हणून हवा होता. कोसंबींचे म्हणणे, संपादनाचे काम मी करतो आहे, तर नाव संपादक म्हणून छापा. जमले नाही. १९१२ च्या सुरुवातीला काम टाकून ते परतले आणि फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले.

पुढचे मला जास्त मोलाचे वाटते. भांडण झाले म्हणून त्यांनी हार्वर्डशी कट्टी केली नाही. १९१८ मध्ये ते पुन्हा तिथे गेले, नंतरही गेले. १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवून आले. १९४० मध्ये ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी मुंबईतून नागरी लिपीत स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये: संपादक वॉरन, सुधारक कोसंबी. ती पाहायला कोसंबी नव्हते. १९४७ मध्येच सेवाग्रामला त्यांचे निधन झाले होते.

‘निर्वसाहतीकरण’, म्हणजे वसाहतकाळातल्या वर्चस्वातून ज्ञान मोकळे करणे, हा जडजंबाल शब्द मला या एका भांडणातून जेवढा कळला तेवढा परिसंवादांतून कळला नाही. (ते परिसंवाद पुण्यात भरले तरी इंग्रजीतच होतात, हा आणखी एक विनोद.) मी निवृत्त प्राध्यापक आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका परदेशी संशोधकाला मी तीन महिने मोडी कागद वाचून दिले. कुठे वाचन अडले, कोणता शब्द कोणत्या गावचा, हे सगळे सांगितले. पुस्तक आले तेव्हा प्रस्तावनेत ‘स्थानिक मित्रांचे आभार’ एवढेच होते. राग आला. मग आठवले, माझ्या स्वतःच्या पुस्तकासाठी दप्तरातल्या नकला दोन विद्यार्थ्यांनी उतरवल्या होत्या. त्यांची नावे मी तरी कुठे छापली? तेव्हा सगळे खापर साहेबावर फोडून चालणार नाही.

सध्या विद्यापीठांचे परदेशांशी सामंजस्य करार होत आहेत. व्हावेत, बाहेरच्यांनी जरूर यावे. फक्त करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: कागद वाचणाऱ्याचे नाव कुठे आणि कोणत्या शब्दांत छापणार, आणि निष्कर्ष मराठीत कधी येणार. दुसऱ्या अटीला आपलेच लोक जास्त कां-कूं करतील, असा माझा अंदाज आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, फोंडा