काट्याचं ऐकू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "बाबा, वजन ऑपरेशनच्या आधीएवढंच आहे, आता काळजी सोडा," आणि फोन ठेवलास. पत्रात वजनाचा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलंय.

केमो संपली, सोमवारी रुजू होतोयस, फार बरं वाटतंय. पण तुझा सीटी मी डॉक्टरांकडून मुद्दाम समजून घेतला. कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी स्नायू पातळ झालेत, त्यांत चरबी शिरलीय. काट्याला यातलं काय कळणार? स्नायू गेले आणि तेवढीच चरबी आली, तरी त्याचा आकडा तोच. आतड्याच्या कॅन्सरमध्ये स्नायू घटलेल्यांना पुढचं जड जातं रे.

बायोप्सीतली एक ओळ मात्र मला पाठ झालीय: गाठीच्या कडेला लिम्फोसाइट्सची, म्हणजे शरीराच्या रक्षक पांढऱ्या पेशींची, दाट गर्दी. २००६ साली फ्रान्समधल्या जेरोम गॅलाँ यांच्या गटानं दाखवलं होतं, की गाठीत टी पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) किती आणि कुठे आहेत, यावरून पुढचा अंदाज स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो. जन्मभर लॅबमध्ये परक्यांच्या पेशी मोजल्या, पण छाती फुगली ती या ओळीनं. फक्त हे दाखवायचं कुणाला?

गाठीपाशी लढणं वेगळं आणि अंगभर दाह धुमसत राहणं वेगळं. तो दाह स्नायूच खातो. रक्तातला दाह दाखवणारा तुझा सीआरपी अजून १० च्या वर आहे आणि दाहात उतरणारं प्रथिन, अल्ब्युमिन, जेमतेम ३.५. म्हणून म्हणतो, जेवणात प्रथिनं वाढव, रोज भरभर चाल, डॉक्टरांना विचारून थोडं वजन उचल. २०२५ मध्ये ‘चॅलेंज’ चाचणीचे निष्कर्ष आले. केमो संपलेले ८८९ रुग्ण होते. ज्यांच्याकडून तीन वर्षं नेमानं व्यायाम करून घेतला, त्यांच्यातले आठ वर्षांनी ९० टक्के हयात. ज्यांना नुसती माहिती-पुस्तिका दिली, त्यांच्यातले ८३.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस. लहानपणी तापातून उठलास की तुला उचलून मी अंदाज घ्यायचो, किती उतरलास ते हातालाच कळायचं. आता चौतिसाव्या वर्षी उचलू कसा? परवा निघताना पाठीवर हात ठेवला तेव्हा तू उगाच ताठ झालास. तेही कळलं मला.

पुढचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, झाला की न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन्ही पांढऱ्या पेशींचे आकडे पाठव, त्यांच्या प्रमाणावरून दाहाचा अंदाज येतो; नुसतं ‘नॉर्मल’ लिहू नकोस. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिचा फोन आला तर सांभाळून बोल.

तुझा,
बाबा