कोकण रेल्वे ठप्प, मग तिकिटाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'दरड कोसळली, कोकण रेल्वे ठप्प' ही बातमी दर पावसाळ्यात येते. रद्द गाड्यांची यादीही असते. पण त्या दिवशीचे तिकीट हातात असलेल्याने पुढच्या तासाभरात काय करायचे, हे कुठेच नसते. आणि पैसे जातात ते त्याच तासात.

सर्वांत महागात पडते ती घाई. बातमी कळताच अनेकजण स्वतःच तिकीट रद्द करतात आणि शुल्क कापले गेले की कपाळावर हात मारतात. रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे भाडे आपोआप खात्यात परत येते, अर्जही करावा लागत नाही. खिडकीवरचे तिकीट मात्र गाडीच्या नियोजित वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर परत द्यावे लागते.

गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचे नसेल, तर पूर्ण भाडे मिळते. हे तीन तास मोजायचे ते तुम्ही चढणार त्या स्टेशनवर. पनवेलला वेळेवर चढलात आणि गाडी रत्नागिरीला चार तास उशिरा पोचली, तर परतावा नाही. शिवाय ऑनलाइन 'टीडीआर', म्हणजे परताव्याचा दावा, गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायला हवा. गाडी गेल्यावर भरलेला फेटाळला जातो, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते.

दरडीमुळे गाडी पुणे-मिरज-लोंढा मार्गे मडगावला वळवली जाते. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा काही गाड्या अशाच गेल्या. मडगावच्या प्रवाशाला उशीर होतो, एवढेच. चिपळूणच्या प्रवाशाने त्या गाडीत बसण्यात मात्र काही अर्थ नाही, त्याचे स्टेशनच वाटेत येत नाही. त्याला पूर्ण भाडे मिळते, टीडीआरची मुदत नियोजित सुटण्यापासून ७२ तास.

विदर्भ-मराठवाड्यातून येऊन ठाण्याला गाडी बदलणाऱ्यांनी दोन्ही तिकिटे काढताना पीएनआर जोडून घ्यावेत. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे भाडे मिळते. त्यासाठी पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांत दावा करावा लागतो आणि दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावे तीच असावी लागतात. तरीही पावसाळ्यात दोन गाड्यांत तासाभराचे अंतर ठेवणे म्हणजे जुगार आहे, विशेषतः कोकणातून परतताना. जोरदार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर चालकाने वेग ताशी ४० किमीवर आणावा, असा कोकण रेल्वेवर नियमच आहे. मार्ग बहुतांशी एकेरी, त्यामुळे एक गाडी रेंगाळली की समोरून येणारी पुढच्या स्टेशनात तिष्ठत उभी राहते.

पावसाळी वेळापत्रकाच्या तारखाही बदलतात. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होते. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी 'एनटीईएस' या रेल्वेच्या चौकशी ॲपवर किंवा १३९ या हेल्पलाइनवर वेळ पुन्हा तपासावी.

सामानाचे म्हणाल तर नेहमीच्या औषधांचा एक दिवसाचा जादा साठा, टॉर्च आणि पॉवरबँक. पॉवरबँक अशासाठी, की डब्यातले चार्जिंग रात्री ११ ते पहाटे ५ बंद असते. बोगद्यांत रेंज जाते, म्हणून तिकीट आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावे आणि पीएनआर कागदावर लिहावा. डब्याच्या टाक्या ठरावीक स्टेशनांवरच भरतात. गाडी मध्येच अडकून पडली की आधी संडासातले पाणी संपते, त्यामुळे पिण्याखेरीज एक भरलेली बाटली वेगळी असू द्यावी. आणि गाडी कितीही वेळ उभी असो, कटिंगमध्ये (डोंगर कापून काढलेल्या वाटेत) किंवा पुलावर खाली उतरू नये. दरड पुन्हा येऊ शकते.

यातले परताव्याचे नियम पाच-सहा ओळींच्या चौकटीत मावतात. 'कोकण रेल्वे ठप्प'च्या बातमीशेजारी ही चौकट छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक