विद्यापीठातील त्वरकाची निगा कोण राखणार?

माननीय संपादक,
स. न.

कणत्वरक, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, म्हटले की जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटर घेराचा बोगदा डोळ्यांपुढे येतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ‘रेसट्रॅक मायक्रोट्रॉन’ या छोट्या त्वरकावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे, हे मात्र पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसते. धावण्याच्या मैदानासारख्या लांबट वाटेवर इलेक्ट्रॉन फेऱ्या मारतात, दर फेरीला ऊर्जा मिळवतात आणि अखेरीस सुमारे ८० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत (हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) पोहोचतात. ही अणुभट्टी नव्हे. वीज तोडली की इलेक्ट्रॉनांचा झोत तत्क्षणी थांबतो.

अशा झोताखालून आलेली काचपट्टी मी प्रथम हातात घेतली, तेव्हा सकाळी पाण्यासारखी नितळ असलेली ती काच कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली होती. पदार्थाच्या आत झालेला बदल डोळ्यांना दिसावा, असे भाग्य भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला क्वचितच लाभते. हाच मारा सौरघटांवर आणि ट्रान्झिस्टरवर केला, तर उपग्रहाला अंतराळात वर्षानुवर्षे सोसावी लागणारी झीज जमिनीवरच अजमावता येते. बहुवारिके (पॉलिमर) आणि चांदीचे नॅनोकण यांवरही येथे काम झाले. याच विभागातील न्यूट्रॉन जनित्रातून १ कोटी ४० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे न्यूट्रॉन मिळतात. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संमीलनातून, म्हणजे त्यांची अणुकेंद्रके एकत्र येण्यातून, बाहेर पडणारे न्यूट्रॉन याच ऊर्जेचे असल्याने, भारत ज्यात भागीदार आहे त्या फ्रान्समधील ‘इटर’ या संमीलन ऊर्जेच्या प्रकल्पासारख्या प्रकल्पांना अशी मोजमापे उपयोगी पडतात.

एवढ्या निरनिराळ्या विषयांना कामी येणारे यंत्र केवळ भौतिकशास्त्राचे मानून त्याच्या खर्चाचा हिशेब करणे मला चुकीचे वाटते. नवे उपकरण घेण्यासाठी पैसा मिळतो, पण यंत्रातली हवा काढून घेणाऱ्या निर्वात पंपाच्या दुरुस्तीला आणि यंत्र जाणणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराला हात आखडता घेतला जातो, ही आपल्या विद्यापीठीय संशोधनाची जुनी दुखरी बाजू आहे. निर्वात नळीतली बारीकशी गळती हुडकण्यात दोन-दोन दिवस जातात, आणि ते कसब पुस्तकातून येत नाही. जाणता तंत्रज्ञ निवृत्त झाला की तेही त्याच्याबरोबर जाते. म्हणून राज्य शासनाने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा प्रयोगशाळांसाठी देखभालीचा स्वतंत्र निधी ठेवावा, आणि जुना तंत्रज्ञ निवृत्त होण्याच्या किमान वर्षभर आधी त्याच्या हाताखाली नवा माणूस नेमावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा